गरज संपल्यानंतरचा ग्राहक : डिजिटल युगातील छायाचित्रण-फिल्मच्या विपणनाचा इतिहास

विषयप्रवेश

जानेवारी २००४ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने एक निर्णय जाहीर केला. अमेरिका, कॅनडा आणि पश्चिम युरोप येथे पुन्हा पुन्हा रोल भरता येणारे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे विकणे वर्षअखेरपर्यंत थांबवावयाचे. भारत, चीन, पूर्व युरोप आणि लॅटिन अमेरिका येथे मात्र ते विकत राहावयाचे. व्यापारी निवेदन म्हणून हा निर्णय साधा दिसतो. परंतु ज्या कंपनीने शंभराहून अधिक वर्षे सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा दिला, तिने या निर्णयाद्वारे जगातील सामान्य माणसाचे दोन वर्ग पाडले होते : ज्याची फिल्मची गरज संपली असा एक आणि ज्याची ती अद्याप संपावयाची आहे असा दुसरा.

पुढील वीस वर्षांत हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकला. भारतातील ज्या नव्या ग्राहकावर कंपनीची भिस्त होती, तो फिल्मपाशी फार काळ थांबला नाही. उलट ज्या देशांत बाजार संपला असे गृहीत धरले होते, तेथेच २०१० नंतर फिल्मला नवा ग्राहक मिळाला. हा ग्राहक जुन्या ग्राहकाचा अवशेष नव्हता. त्याच्यापाशी डिजिटल कॅमेरा होता, खिशातील दूरध्वनीत तर होताच, आणि तरीही तो पैसे मोजून रोल घेत होता. गरज नसलेली वस्तू त्याला कशी विकली गेली, कोणी विकली आणि त्या विक्रीने फिल्म या वस्तूचे स्वरूप कसे पालटले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

कारखान्याचे गणित

फिल्मच्या विपणनाचा इतिहास समजून घेण्यापूर्वी तिच्या उत्पादनाचे गणित लक्षात घेणे आवश्यक आहे. जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये बाजारात आणलेला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरांस मिळे. त्यात १०० चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की ग्राहकाने कॅमेराच रॉचेस्टरला पाठवावयाचा. १० डॉलरांत चित्रे छापून आणि नवी फिल्म भरून तो परत येई. ‘बटण तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही करतो’ या आशयाची त्या काळची जाहिरात विपणनाच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. तिचा अर्थ असा की, छायाचित्रणातील रसायने, अंधारखोली आणि कौशल्य हे सारे ग्राहकाच्या दृष्टीआड करण्यात आले. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि त्यासाठी सहा चित्रांचा रोल १५ सेंटांना मिळू लागला. कॅमेरा एकदाच विकला जाई. फिल्म मात्र पुन्हा पुन्हा विकता येई. कंपनीचा खरा नफा या पुनरावृत्तीत होता.

या पुनरावृत्तीसाठी उभारलेला कारखाना मात्र लहान करता येत नाही, आणि पुढील सर्व घटनांच्या मुळाशी हीच अडचण आहे. प्रकाशसंवेदी रजतक्षारांचे पायस रुंद आधारपट्टीवर पूर्ण अंधारात, अत्यंत समान जाडीने लेपावे लागते. रंगीत फिल्मला असे डझनभर किंवा त्याहून अधिक थर लागतात. लेपनयंत्र एकदा सुरू झाले की ते हजारो फूट पट्टी अखंड ओतते. त्यातून तयार झालेली महागुंडाळी नंतर कापून, छिद्रे पाडून, डब्यांत भरली जाते. वर्षातून थोडेच दिवस चालणारे यंत्रही सांभाळावे लागते आणि त्यावरील तंत्रज्ञही टिकवावे लागतात. छापखान्याप्रमाणे ‘मागणी तेवढी प्रत’ हा मार्ग येथे उपलब्ध नाही. त्यामुळे फिल्मला मोठा ग्राहकवर्ग असणे हा केवळ नफ्याचा प्रश्न नव्हता. ती उत्पादनाची तांत्रिक अटच होती.

प्रतिस्पर्ध्याची भाषा

कोडॅकला डिजिटल तंत्राची कल्पना नव्हती, असा समज अजूनही वर्गातून आणि व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो. तो टिकणारा नाही. स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये कोडॅकमध्येच डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना तयार केला होता; एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. १९९० नंतर कंपनीने या तंत्रावर मोठा खर्चही केला. चूक झाली ती अन्यत्र : फिल्म ही डिजिटल सोयीची पूरक वस्तू म्हणून विकता येईल, असा विश्वास कंपनीने बाळगला.

या विश्वासाची पहिली खूण म्हणजे १९९२ मध्ये आलेली फोटो सीडी. फिल्मवरील चित्रे तबकडीवर उतरवून दूरचित्रवाणी संचावर पाहावयाची, अशी ही योजना होती. १९९६ मध्ये कोडॅक, फूजी, कॅनन, मिनोल्टा आणि निकॉन या पाच कंपन्यांनी मिळून एपीएस ही नवी फिल्मपद्धती आणली. तिच्यातील रोल आपोआप भरला जाई, चित्राचा आकार घेतेवेळी निवडता येई आणि फिल्मवरील चुंबकीय थरात तारखेसारखी माहिती नोंदता येई. या साऱ्या सोयी डिजिटल कॅमेरा थोड्याच काळात अधिक सहजपणे देणार होता. कोडॅकने एपीएस कॅमेऱ्यांची निर्मिती २००४ मध्ये थांबविली आणि २०११ मध्ये त्या आकाराची फिल्मही संपली. पाच मोठ्या कंपन्यांनी एकमताने उभारलेली पद्धती जेमतेम पंधरा वर्षे जगली.

त्याच सुमारास रोल धुऊन देतानाच चित्रे तबकडीवर देणारी पिक्चर सीडी आली. एकदाच वापरावयाच्या एका कॅमेऱ्याच्या नावात ‘डिजिटल’ हा शब्द घातला गेला, तर एका साध्या रंगीत फिल्मला ‘हाय डेफिनिशन’ असे नाव मिळाले. प्रतिस्पर्ध्याच्या शब्दांत स्वतःची ओळख करून देणाऱ्या वस्तूने अर्धी लढाई आधीच गमावलेली असते. फिल्मची ही नावे वाचणाऱ्या ग्राहकास एवढेच कळत होते की चांगले ते डिजिटल, आणि फिल्म त्याच्या जवळपास पोहोचण्याच्या प्रयत्नात आहे.

उदयोन्मुख बाजारपेठेचा अंदाज

जगातील रंगीत फिल्मची मागणी २००० च्या सुमारास सर्वोच्च होती. त्यानंतरची घसरण एवढी तीव्र होती की, दहा वर्षांत ती मागणी दहाव्या भागाहूनही खाली आली. सप्टेंबर २००३ मध्ये कोडॅकने लाभांश ७२ टक्क्यांनी कमी करून डिजिटल व्यवसायाकडे वळण्याचे धोरण जाहीर केले. याच काळात तिने चीनमधील लकी फिल्म या कंपनीत २० टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. ज्या देशांत दरडोई फिल्मचा वापर अत्यल्प आहे, तेथे उत्पन्न वाढताच तो वापर वाढेल आणि पश्चिमेतील तूट भरून निघेल, असे यामागील गणित होते. आरंभी उल्लेखिलेला जानेवारी २००४ चा निर्णय याच गणिताचा भाग होय.

भारतापुरते पाहिल्यास हे गणित वरवर चुकीचे नव्हते. १९९० च्या दशकात आयातीवरील निर्बंध सैल झाल्यावर जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत रंगीत प्रयोगशाळा उघडल्या. कोडॅकचा केबी-१० हा स्वस्त, फोकस साधण्याचा त्रास नसलेला कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. तरीही त्या घरातील फिल्मचा वापर पश्चिमेतील वापरासारखा नव्हता. दिवाळीत भरलेला ३६ चित्रांचा रोल पुढच्या बारशापर्यंत पुरविला जाई. शेवटची दोन-तीन चित्रे ‘रोल संपवायचा’ म्हणून अंगणातील मुलांची काढली जात आणि मगच रोल धुवायला टाकला जाई. फिल्म ही या घरांत काटकसरीने वापरावयाची वस्तू होती. नियमित खप देणारा ग्राहक प्रामुख्याने लग्नसमारंभाचे छायाचित्रकार आणि गावातील स्टुडिओ हाच होता. यातील व्यावसायिक मंडळी हिशेबी होती. प्रत्येक रोलचा आणि धुलाईचा खर्च वाचतो हे लक्षात येताच ती डिजिटलकडे वळली.

घरगुती ग्राहकाच्या बाबतीत तर त्याहून वेगळे घडले. ज्याने आयुष्यात कधी कॅमेरा विकत घेतला नव्हता त्याच्या हाती २००५ नंतरच्या दशकात कॅमेरा असलेला मोबाइल आला. फिल्मची पायरी त्याने चढलीच नाही. लकी कंपनीतील आपला हिस्सा कोडॅकने २००७ मध्ये सोडून दिला. ‘उदयोन्मुख बाजारपेठ’ या संज्ञेत एक गृहीतक दडलेले असते की, उशिरा आलेले समाज आधी गेलेल्यांच्याच वाटेने चालतील. फिल्मच्या इतिहासात या गृहीतकाची किंमत डॉलरांत मोजली गेली.

उणिवांची विक्री

मे २००५ मध्ये आग्फाफोटो दिवाळखोर झाली. जानेवारी २००६ मध्ये निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवीत असल्याचे, तर कोनिका मिनोल्टाने छायाचित्रणाचा व्यवसायच सोडत असल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २००८ मध्ये पोलरॉइडने तात्काळ चित्र देणाऱ्या फिल्मचे उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. याला अपवाद फूजीफिल्मचा. तिने जानेवारी २००६ मध्येच निवेदन काढून फिल्मचा व्यवसाय छायाचित्र-संस्कृतीसाठी चालू ठेवण्याची ग्वाही दिली. त्याच वेळी तिचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांनी फिल्मच्या रसायनशास्त्रातून सौंदर्यप्रसाधने आणि द्रवस्फटिक पडद्यांसाठी लागणारी पटले असे नवे उद्योग उभारले, हेही विसरता येत नाही. ग्वाही देणाऱ्याचे पोट अन्य व्यवसायावर भरत होते.

मोठ्या उत्पादकांनी फिल्मची जाहिरात करणे जवळजवळ सोडून दिले, त्या वर्षांत ते काम बाहेरच्या मंडळींनी केले. १९९१ मध्ये व्हिएन्नातील काही विद्यार्थ्यांना प्राग येथे एलसी-ए नावाचा लहानसा सोव्हिएत कॅमेरा सापडला. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यात बनणाऱ्या या कॅमेऱ्यातून निघणाऱ्या चित्रांच्या कडा काळवंडत आणि रंग भडक होत. नेहमीच्या परीक्षेत हे दोषच. या विद्यार्थ्यांनी १९९२ मध्ये लोमोग्राफी संस्था स्थापन केली आणि तेच दोष हे आकर्षण म्हणून मांडले. त्यांनी आपल्या पंथाचे दहा नियम केले. विचार करू नका, असाही त्यांत एक होता. २००५ मध्ये मूळ कारखान्याने एलसी-ए बनविणे थांबविल्यावर संस्थेने दुसऱ्याच वर्षी त्याची नवी आवृत्ती चीनमध्ये तयार करवून घेतली आणि २००७ मध्ये डायना हा प्लास्टिकचा जुना खेळणेवजा कॅमेरा नव्याने आणला. या कॅमेऱ्यांसोबत रोल विकले जात. स्वतःचा लेपन-कारखाना नसलेली ही संस्था इतरांनी बनविलेली फिल्म आपल्या वेष्टनात विकत होती.

येथे १८८८ च्या जाहिरातीचा क्रम उलटलेला दिसतो. ईस्टमनने प्रक्रिया लपवून निकाल विकला होता. लोमोग्राफीने निकालाची हमी काढून घेतली आणि प्रक्रियेतील अनिश्चितता विकली. डिजिटल कॅमेरा चूक होऊ देत नाही, या त्याच्या गुणालाच तिने उणेपणा ठरविले. फिल्मची तुलना सुबकपणात किंवा सोयीत डिजिटलशी करावयाची नाही, हे कोडॅकच्या विपणन विभागास जे उमगले नव्हते ते या हौशी विद्यार्थ्यांस उमगले होते. त्यांच्या मोहिमेत पोरकटपणा पुष्कळ होता, पण दिशा त्यांचीच बरोबर ठरली.

पोलरॉइडच्या बाबतीत हीच दिशा अधिक कठीण परिस्थितीत आजमावली गेली. २००८ मध्ये फ्लोरियन काप्स आणि आंद्रे बोसमन यांनी नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील बंद होणाऱ्या कारखान्याची यंत्रे विकत घेतली, त्यातील एक इमारत भाड्याने घेतली आणि थोड्या जुन्या कामगारांसह काम सुरू केले. उपक्रमाचे नाव इम्पॉसिबल प्रॉजेक्ट असे ठेवले. अनेक मूळ रसायने मिळेनाशी झाल्याने फिल्म नव्याने शोधावी लागली. मार्च २०१० मध्ये आलेली पहिली फिल्म कॅमेऱ्यातून बाहेर पडताच प्रकाशापासून झाकावी लागे आणि तिचे रंग भरवशाचे नव्हते. ती प्रायोगिक म्हणूनच विकली गेली. अपुऱ्या वस्तूचे दाम मोजून ग्राहक तिच्या संशोधनाचा खर्च उचलीत होता. मे २०१७ मध्ये या उपक्रमाच्या प्रमुख भागधारकांनी पोलरॉइड हे नावच विकत घेतले.

एका फिल्मचा निरोप

कोडॅकने आपली सर्वांत गाजलेली फिल्म बाजारातून काढून घेतली ती २००९ मध्ये. १९३५ पासून विकल्या जाणाऱ्या कोडाक्रोमचा वाटा कंपनीच्या स्थिर छायाचित्रणाच्या फिल्मविक्रीत एक टक्क्याहूनही कमी उरला होता. शेवटचा रोल स्टीव्ह मॅक्करी यांना देण्यात आला. ३६ चित्रांपैकी काही त्यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतली. काहींसाठी ते भारतात आले आणि मुंबईतील चित्रपटकलावंत व राजस्थानातील राबारी हे त्यांच्या या अखेरच्या रोलवर उतरले. कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी असलेल्या ड्वेन्स फोटो या जगातील अखेरच्या कोडाक्रोम प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० पर्यंत आलेले रोल स्वीकारले. शेवटच्या आठवड्यांत तेथे वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेले रोल लोकांनी पाठविले.

हा निरोपसमारंभ कंपनीने जाहिरात म्हणून योजला होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि त्याचा परिणाम जाहिरातीसारखा झाला, हे नाकारता येत नाही. फिल्मविषयी लिहिण्याजोगी गोष्ट अनेक वर्षांनी वृत्तपत्रांना मिळाली होती. सप्टेंबर २००८ मध्ये आलेली एक्टार १०० ही रंगीत फिल्म आणि २०१० ची नवी पोर्ट्रा ४०० या तांत्रिकदृष्ट्या उत्तम वस्तू होत्या, परंतु त्यांची वार्ता जाणकारांपुरती राहिली. विशेष म्हणजे पोर्ट्रा स्कॅन करण्यास उत्तम म्हणून विकली गेली. फिल्मवरील चित्र अखेर संगणकाच्या पडद्यावर जाणार, हे उत्पादकाने आता मान्यच केले होते.

जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. २०१३ मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली तेव्हा फिल्म विकण्याचा व्यवसाय तिच्या ब्रिटिश निवृत्तिवेतन निधीकडे गेला आणि त्यासाठी कोडॅक अलारिस ही नवी कंपनी झाली. फिल्म बनवावयाची रॉचेस्टरमध्ये ईस्टमन कोडॅकने, आणि स्थिर छायाचित्रणासाठी ती विकावयाची दुसऱ्याच कंपनीने, अशी ही विभागणी झाली. तिच्या गोंधळातही एक गोष्ट घडली. २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम पुन्हा आणण्याची घोषणा जानेवारी २०१७ मध्ये झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ती फिल्म दुकानांत आली. फूजीनेही २०१८ मध्ये बंद केलेली ॲक्रॉस ही कृष्णधवल फिल्म पुढच्याच वर्षी नव्या रूपात आणली. घटत्या मागणीचे व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्यांना प्रथमच वाढत्या मागणीचा विचार करावा लागत होता.

याच काळातील फूजीच्या इन्स्टॅक्सचा उल्लेख थोडक्यात करणे आवश्यक आहे, कारण संख्येच्या दृष्टीने फिल्मच्या पुनरुज्जीवनातील सर्वांत मोठा वाटा तिचा आहे आणि तिच्यात गतकाळाची ओढ फारच थोडी आहे. १९९८ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्यांची विक्री २००२ मध्ये वर्षाला सुमारे १० लाखांवर गेली, दोन-तीन वर्षांत १ लाखावर घसरली आणि २०१८-१९ या आर्थिक वर्षात १ कोटीच्या वर पोहोचली. २०१२ चा मिनी ८ फिक्या गुलाबी-निळ्या रंगांत आला. तो छायाचित्रणाच्या साधनांच्या पंक्तीत न बसवता भेटवस्तूंच्या पंक्तीत बसविण्यात आला. ज्या मुलांनी फिल्म कधी पाहिलीच नव्हती त्यांना हाती येणारे, एकच प्रत असलेले चित्र ही नवलाई वाटली.

मोबर्ली आणि उटी

फिल्मच्या विपणनाचा विचार भारताच्या संदर्भात करताना दोन कारखान्यांची तुलना उद्बोधक ठरते. इंग्लंडमधील इल्फर्ड ही १८७९ मध्ये स्थापन झालेली कृष्णधवल फिल्मची नामांकित कंपनी. ऑगस्ट २००४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची पाळी आली. २००५ च्या आरंभी तेथील काही व्यवस्थापकांनीच चेशायर परगण्यातील मोबर्लीचा कारखाना विकत घेतला आणि संस्थापक आल्फ्रेड हार्मन यांच्या नावाने हार्मन टेक्नॉलॉजी स्थापन केली. वैद्यकीय वा व्यावसायिक मागणीचा आधार नसताना अंधारखोलीत काम करणाऱ्या हौशी माणसावर त्यांनी कारखाना उभा ठेवला. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांना लागणारी विचित्र मापांची फिल्म ते वर्षातून एकदा आगाऊ मागणी घेऊन कापून देऊ लागले. व्यवहार म्हणून यात फारसे काही नाही; पण आपल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यासाठी कारखाना यंत्र लावतो, हे पाहणारा ग्राहक पुढे साधा रोलही त्याच कंपनीचा घेतो.

दुसरा कारखाना उटीचा. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही केंद्र सरकारची कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. उटीची थंड, धूळमुक्त हवा फिल्मच्या लेपनास योग्य मानली गेली. फ्रान्समधील बोशे या कंपनीच्या सहकार्याने १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘इंदू’ या नावाने तिची फिल्म आणि छपाईचा कागद देशभरच्या स्टुडिओंत गेला. क्ष-किरण फिल्म हे तिचे महत्त्वाचे उत्पादन होते. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात स्वतःची फिल्म स्वतः बनविणारा देश म्हणवून घेणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि आज तिची उपेक्षा होते हे खेदजनक आहे. परंतु इंदूचा ग्राहक आयातनिर्बंधांनी आणि सरकारी खरेदीने मिळवून दिलेला होता. १९९१ नंतर ते संरक्षण गेले. १९९६ मध्ये कंपनी आजारी उद्योग म्हणून नोंदली गेली, २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कर्मचाऱ्यांच्या स्वेच्छानिवृत्तीसाठी साहाय्य मंजूर केले आणि कारखान्याचा शेवट झाला. मोबर्लीची यंत्रे नवी होती किंवा उटीचे तंत्रज्ञ कमी प्रतीचे होते, असे या फरकाचे स्पष्टीकरण देता येणार नाही. ज्याला वस्तूविषयी आत्मीयता आहे असा ग्राहक एकाने शोधून काढला. दुसऱ्याला तो शोधण्याची गरजच कधी भासू दिली गेली नव्हती.

चित्रपटगृहातील पोकळी

हौशी छायाचित्रकारांवर कारखाने अवलंबून राहण्याचे आणखी एक कारण चित्रपटगृहात सापडते. दोन तासांच्या चित्रपटाची ३५ मिलिमीटरची एक प्रत सुमारे १०,८०० फूट लांब असते. ३६ चित्रांचा रोल साडेपाच फुटांच्या आसपास भरतो. म्हणजे प्रदर्शनासाठीच्या एका प्रतीइतकी फिल्म खपविण्यास जवळजवळ दोन हजार रोल विकावे लागतात. मोठा चित्रपट अशा शेकडो, कधी हजारो प्रतींनी प्रदर्शित होई. चित्रपटगृहे डिजिटल झाली तेव्हा हा खप एकाएकी नाहीसा झाला. भारतात २००५ पासून यूएफओ मूव्हीज या मुंबईच्या कंपनीने उपग्रहाद्वारे चित्रपट एकपडदा चित्रगृहांत पोहोचविण्यास आरंभ केला. प्रतींचा खर्च न परवडणाऱ्या मराठी निर्मात्यांस त्याचा मोठा लाभ झाला. रॉचेस्टरच्या दृष्टीने मात्र असा प्रत्येक लाभ म्हणजे घट होती. कोडॅकच्या चित्रपट-फिल्मची विक्री २००६ मध्ये १,२४० कोटी फूट होती. २०१४ मध्ये ती ४५ कोटी फुटांच्या आत येईल असा अंदाज होता. क्रिस्टोफर नोलन, क्वेंटिन टॅरेंटिनो आदी दिग्दर्शकांच्या आग्रहाने हॉलिवुडच्या मोठ्या निर्मितीसंस्थांनी ठरावीक फिल्म विकत घेण्याचे करार २०१५ मध्ये केले, म्हणून लेपनयंत्र थांबले नाही. ते चालू राहिले म्हणून स्थिर छायाचित्रणाचे रोलही मिळत राहिले.

एवढा मोठा कारखाना थोड्या ग्राहकांनी पोसावयाचा तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च अधिक येणार, हे उघड आहे. २०२० नंतर रंगीत रोलच्या किमती वारंवार वाढल्या. २०२१-२२ मध्ये तर पैसे देऊनही ते मिळेनासे झाले. मागणी पुरविण्यासाठी कोडॅकला नवे कामगार नेमावे लागले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये यंत्रसामग्रीच्या सुधारणेसाठी रॉचेस्टरचे फिल्म-उत्पादन काही आठवडे थांबवावे लागले. पुण्या-मुंबईत आज रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून ३६ चित्रांचा खर्च हजार रुपयांच्या पुढे सहज जातो. १५ सेंटांच्या रोलने जी वस्तू सर्वसामान्यांची केली होती ती निवडक लोकांची झाली. नव्या जाहिरातींत संथपणा, एकाग्रता, मोजकेपणा या गुणांची स्तुती असते. त्या गुणांना किंमत पडते, हे त्या सांगत नाहीत. आणि दिवाळीचा रोल बारशापर्यंत पुरविणाऱ्या घराने हाच मोजकेपणा हौसेने पाळला नव्हता, याचे स्मरण अभ्यासकाने ठेवावयास हवे.

नव्या ग्राहकाचे वर्तनही विसंगतीने भरलेले आहे. बहुतेक जण रोल प्रयोगशाळेत देतात, स्कॅन केलेली चित्रे ई-मेलने मागवितात आणि समाजमाध्यमांवर ठेवतात. निगेटिव्ह परत नेण्यास अनेक जण येतच नाहीत. भौतिक वस्तूची ओढ म्हणून जे विकले जाते, त्यातील एकमेव टिकाऊ भौतिक वस्तू दुकानातच राहते.

डिसेंबर २०२३ मध्ये मोबर्लीच्या कारखान्याने फिनिक्स २०० ही स्वतः तेथेच तयार केलेली आपली पहिली रंगीत फिल्म विक्रीस आणली. रंगीत निगेटिव्हवर नेहमी दिसणारा नारिंगी थर तिच्यावर नव्हता, कण ठळक होते, उजळ वस्तूंभोवती लालसर वलये उमटत. कंपनीने हे दोष झाकले नाहीत. फिल्म प्रायोगिक आहे आणि तिच्या विक्रीतून येणारा पैसा पुढील रंगीत फिल्मच्या संशोधनासाठी वापरला जाईल, असे तिने ग्राहकांना आधीच सांगितले. रोल खपले. तिची सुधारित दुसरी आवृत्ती २०२५ मध्ये आली.